आधी द्राक्षांना ऊब, मग माणसांना : गरम पाण्याच्या रेडिएटरची गोष्ट

१/
लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स या चौकाच्या कडेला एक विलक्षण घर आहे. बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी १७९२ ते १८२४ या काळात शेजारशेजारच्या तीन जागा एकामागून एक घेऊन ते उभारले. आत संगमरवरी शिल्पे, प्लास्टरचे साचे, हॉगार्थची चित्रे आणि तळघरात इजिप्तच्या पहिल्या सेती राजाची पाषाणी शवपेटी. हे सारे उजळावे म्हणून सोन यांनी छताला जागोजागी काचेचे झरोके ठेवले. प्रकाशाचा असा खेळ युरोपात फार थोड्या घरांत आढळतो. हिवाळ्यात मात्र हेच घर गारठून जाई.

२/
हा गारठा एकट्या सोन यांच्या नशिबी नव्हता. त्या काळचे लंडनचे घर म्हणजे विटांची भरीव भिंत, बहुधा नऊ इंचांची किंवा थोडी अधिक, आणि खिडकीला एकेरी काच. भिंतीच्या पोटात ऊब धरून ठेवील असे काही नाही, छपराखाली काही नाही, आणि दारे-खिडक्यांच्या फटी मोकळ्या. सोन यांच्या घरात यावर झरोक्यांची भर. ऊन हवा वर चढते, छताच्या काचेला टेकताच थंड होते आणि जड होऊन खाली बसलेल्याच्या मानेवर उतरते. खिडकी घट्ट लावलेली असूनही कुठूनतरी वारा येतो आहे असे वाटते. तो वारा बाहेरून आलेला नसतो, तो खोलीतच जन्मलेला असतो.

३/
यावर इंग्रजांचा पिढीजात उपाय एकच : भिंतीतली उघडी आगटी, म्हणजे फायरप्लेस. दिसायला देखणी, पण ऊब देण्याच्या कामी अत्यंत उधळी. जळणाऱ्या कोळशाची बहुतेक उष्णता धुराड्यातून थेट आभाळात जाते. शिवाय ते धुराडे खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते आणि तिच्या जागी फटींतून बाहेरची गार हवा आत घेते. म्हणजे आग जितकी मोठी, तितका फटींतला वारा जोरात. आगटीपुढे बसलेल्याचा चेहरा भाजतो आणि पाठ गारठते. काउंट रम्फर्ड यांनी १७९६ च्या सुमारास आगटी उथळ आणि धुराड्याचा गळा अरुंद करून बरीच सुधारणा केली, तरी मूळ दोष गेला नाही.

आणि कोळसा आपोआप जिना चढत नसे. पहाटे राख काढणे, जाळी घासणे, तळघरातून बादल्या वर नेणे, खोलीखोलीत आग पेटवणे हे काम घरातल्या मोलकरणींचे. त्यांच्या स्वतःच्या माळ्यावरच्या खोलीत बहुधा आग नसेच.

४/
रशिया आणि जर्मन प्रदेशांत फरशीच्या प्रचंड भट्ट्या असत. एकदा तापल्या की त्या तासन्‌तास ऊब सोडत. रोमनांनी तर जमिनीखालून तप्त हवा फिरवली होती. या सर्वांत उष्णता जिथे निर्माण होई, तिथेच किंवा तिच्या आसपासच ती खर्ची पडे. एका तळघरात एकच आग पेटवावी आणि तिची ऊब दूरच्या, वरच्या, आडबाजूच्या खोल्यांत हवी तितकी पोहोचवावी, हे कोडे वेगळे होते. त्यासाठी उष्णता वाहून नेणारा हमाल हवा होता.

५/
तो हमाल म्हणजे पाणी. समान आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी तेवढ्याच तापमानवाढीसाठी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता साठवते. म्हणून हवा नेण्यासाठी बोगद्याएवढी वाट लागते आणि पाण्याला मनगटाएवढी नळी पुरते.

ते फिरवायचे कसे? महाराष्ट्रातल्या अनेक घरांच्या गच्चीवर याचे उत्तर आहे. साध्या सोलर वॉटर हीटरला पंप नसतो. खालच्या नळ्यांत पाणी तापते, हलके होते, वर टाकीत चढते आणि टाकीतले गार पाणी खाली येऊन त्याची जागा घेते. जुन्या तांब्याच्या बंबातही आतल्या नळाभोवतीचे पाणी असेच फिरत असे. तळघरात बॉयलर, वर जाणारी एक नळी आणि खाली परतणारी एक नळी एवढे केले की हेच चक्र घरभर फिरू लागते.

मात्र हा जोर फार नाजूक असतो. ८० अंशांचे पाणी ६० अंशांच्या पाण्यापेक्षा जेमतेम एक टक्क्याने हलके असते. एक मीटर उंचीमागे मिळणारा रेटा अवघ्या एक सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढा. म्हणून जुन्या नळ्या जाडजूड, कमी वळणांच्या आणि काटेकोर चढ-उताराच्या असत. कुठे हवेचा एक बुडबुडा अडकला तरी चक्र थांबे. आजही रेडिएटर वरच्या बाजूला गार लागला तर आत हवा अडकली असे समजावे, आणि तळाशी गार लागला तर गंजाचा गाळ साचला असे.

६/
गरम पाण्याच्या या ऊबेचे पहिले लाभार्थी माणूस नव्हते. १७१६ मध्ये मोर्टेन ट्रीवाल्ड या स्वीडिश अभियंत्याने इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे गरम पाणी फिरवून एक काचगृह तापवले, असे सांगितले जाते. १७७७ च्या सुमारास बॉनमाँ या फ्रेंच संशोधकाने पॅरिसजवळ याच युक्तीने कोंबडीची अंडी उबवली. त्याने आगीला मिळणारी हवा आपोआप कमी-अधिक करणारी एक योजनाही केली होती. धातू तापला की प्रसरण पावतो, त्या हालचालीनेच हवेची झडप सरकते, अशी ती कल्पना. आजच्या थर्मोस्टॅटच्या पूर्वजांत तिची गणना होते. पुढे मार्की द शाबान या फ्रेंच उमरावाने ही विद्या इंग्लंडमध्ये लोकप्रिय करण्याचा प्रयत्न केला. घरांचे तापमान आणि वायुवीजन यांवर त्याने १८१८ मध्ये पुस्तकही काढले.

७/
झाडे आणि पिल्ले आधी का? कारण माणूस तक्रार करत का होईना, पण तगतो. थंडी वाढली की आणखी एक घोंगडी अंगावर घेतो. अननसाचे रोप किंवा अंड्यातले पिल्लू यांना रात्री तीन वाजता आग विझली तर सकाळ दिसत नाही. त्यांना भडका नको, सलग ऊब हवी. आणि काचगृह म्हणजे तरी काय? उष्णता धरून ठेवण्यात ज्याहून वाईट घर बांधता येणार नाही असे घर. ज्या युक्तीने काचेच्या खोलीत द्राक्षे पिकतात, तीच विटांच्या गळक्या घरातही चालणार, हे उघड होते.

८/
द्राक्षांचा उल्लेख इथे उगीच आलेला नाही. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर जॉन हॉर्सली पामर यांना फुलहॅम येथील आपल्या काचगृहात हिवाळ्यातही द्राक्षे हवी होती. ते काम एंजियर मार्च पर्किन्स या अमेरिकेतून आलेल्या तरुण अभियंत्याने अंगावर घेतले आणि त्यातून निघालेल्या पद्धतीचे पेटंट १८३१ मध्ये मिळवले. हा एंजियर म्हणजे जेकब पर्किन्स यांचा मुलगा. जेकब हे नाव डाकतिकिटांच्या अभ्यासकांना परिचित असते, कारण १८४० चे ‘पेनी ब्लॅक’, जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट, त्यांच्याच संस्थेने छापले. जेकब यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

९/
एंजियरची युक्ती धाडसी होती. जाड नळ्यांतून मंद, कोमट पाणी फिरवण्याऐवजी त्याने घडीव लोखंडाची बारीक, पण अतिशय जाड भिंतीची नळी घेतली. बाहेरून सुमारे एक इंच, आतून अर्धा इंच. नळीचे वेटोळे भट्टीत ठेवले, उरलेली नळी घरभर फिरवली, सर्व बाजूंनी ती बंद केली आणि पाण्याला फुगायला जागा म्हणून वरच्या टोकाला हवेने भरलेली एक रुंद नळी जोडली. बंद नळीत दाब वाढतो, म्हणून १०० अंश ओलांडूनही पाणी उकळत नाही. भट्टीजवळ ते १५० अंशांच्याही वर जाई. एवढे तप्त पाणी हलकेही तितकेच अधिक, त्यामुळे बारीक नळीतूनही ते झपाट्याने फिरे.

१०/
सोन यांनी वाफ, तप्त हवा असे अनेक उपाय करून पाहिले होते आणि एकही समाधानकारक ठरला नव्हता. अखेर १८३२ च्या सुमारास पर्किन्सच्या नळ्या त्यांच्या घरात आल्या. तेव्हा सोन ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. या जुळणीचे वर्णन त्यांचे साहाय्यक चार्ल्स जेम्स रिचर्डसन यांनी १८३७ च्या आपल्या पुस्तकात केले आहे. सुमारे १,२०० फूट नळी, तिचे दोन स्वतंत्र फेरे. एक फेरा चित्रदालन आणि त्याखालच्या खोल्यांसाठी, दुसरा संग्रहालयाच्या सबंध लांबीतून जाणारा.

या वर्णनातला एक तपशील मोलाचा आहे. न्याहारीच्या खोलीत नळी लांबलचक झरोक्याखालून नेली होती, काचेमुळे येणारा गारवा तिथल्या तिथे मोडून काढण्यासाठी. आगटी खोलीच्या मधल्या भिंतीत, धुराडे जिथे असेल तिथे बसते. पाण्याच्या नळीला असे बंधन नाही. जिथून थंडी आत शिरते तिथेच ऊब नेऊन ठेवता येते. पुढच्या शतकात जगभरच्या घरांत रेडिएटर खिडकीखालीच का बसवले गेले, त्याचे उत्तर याच तत्त्वात आहे. गार काचेवरून ओघळणाऱ्या हवेला खालून वर येणारी ऊन हवा अडवते, आणि पायांशी वारा लागत नाही.

११/
१८३३ मध्ये सोन यांनी संसदेकडून खास कायदा करून घेतला. त्यांच्या पश्चात हे घर आणि संग्रह शक्य तितका आहे त्याच अवस्थेत राखावा, अशी त्याची अट होती. म्हणजे भिंती बदलायच्या नाहीत, झरोके झाकायचे नाहीत. घराच्या अंगाला हात न लावता ऊब आणायची, तर ती नळ्यांतूनच येऊ शकत होती. जुन्या घरांच्या बाबतीत पुढची दीडशे वर्षे हेच घडणार होते, फक्त तिथे कारण कायद्याचे नव्हते, पैशाचे आणि सवयीचे होते.

१२/
पर्किन्सच्या पद्धतीचे दोषही लवकरच दिसले. अतितप्त नळी लाकडाला टेकली तर लाकूड करपे, आणि एवढ्या दाबाच्या नळीला तडा जाण्याचे भय वेगळेच. १८४१ मध्ये मँचेस्टरच्या एका विमा कंपनीसाठी या पद्धतीच्या धोक्यांवर अहवाल तयार झाला. दुसरीकडे चार्ल्स हूड यांच्यासारखे लेखक कमी दाबाच्या, सौम्य तापमानाच्या पाण्याचा पुरस्कार करत होते. दीर्घकाळात घरांपुरता विजय सौम्य पाण्याचाच झाला.

१३/
याच सुमारास डर्बीशरमधील चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन यांनी ड्यूक ऑफ डेव्हनशरसाठी ‘ग्रेट स्टोव्ह’ नावाचे प्रचंड काचगृह बांधले (१८३६ ते १८४०). जमिनीखाली आठ बॉयलर, सुमारे सात मैल लोखंडी नळ्या, आणि कोळसा दृष्टीस पडू नये म्हणून तो आणायला भुयार! आत ताड आणि केळी सुखात वाढत. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि माणसे दोन्ही दुर्मिळ झाली, भट्ट्या थंडावल्या, झाडे मेली. १९२० मध्ये ते काचगृह पाडून टाकण्यात आले. सारी ऊब आगीवर सोपवून ती धरून ठेवण्याची काहीच तजवीज नसली की काय होते, याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

१४/
आता रेडिएटर. नळीचा पृष्ठभाग थोडा असतो, म्हणून तिचा गुंडाळा करून खोलीत ठेवत. त्याऐवजी बिडाचे पोकळ, पंखेदार ओतकाम करावे, ही कल्पना १८५० च्या दशकात पुढे आली. तिचे श्रेय अनेकदा सेंट पीटर्सबर्गमध्ये कारखाना काढणाऱ्या, प्रशियात जन्मलेल्या फ्रांझ सान गाली यांना दिले जाते. आणि पुन्हा तेच : त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांत त्सारस्कोये सेलो येथील राजघराण्याची काचगृहे होती. रशियन भाषेत रेडिएटरला आजही ‘बातारेया’, म्हणजे बॅटरी म्हणतात. अमेरिकेत १८७० च्या दशकापासून बिडाचे सुटे भाग जोडून हव्या त्या आकाराचा रेडिएटर बनवण्याचा उद्योग फोफावला. वेलबुट्टीची नक्षी असलेले ते वजनदार रेडिएटर आजही जुन्या इमारतींत दिसतात.

नाव मात्र फसवे. ‘रेडिएटर’ म्हणजे प्रारण करणारा. प्रत्यक्षात अनेक पंख्यांचा रेडिएटर बहुतेक उष्णता हवा तापवून, ती वर चढवूनच देतो. त्यापुढे जाड पडदा सोडला की निम्मे कष्ट वाया.

१५/
रेडिएटरची घडण जिथे वाफेच्या यंत्रांसोबत वाढली, त्या ब्रिटनमध्येच सामान्य घरांत तो बराच उशिरा यावा, हे नवल खरे. कोळसा स्वस्त, हिवाळा रशियाइतका कडक नाही, मोलकरणी मिळत, आणि बंद उबदार खोली प्रकृतीला वाईट ही समजूत पक्की. १९४५ च्या डिसेंबरात जॉर्ज ऑर्वेल यांनी वृत्तपत्रात उघड्या आगटीची बाजू घेणारा लेख लिहिला. आगटी उधळी आहे हे त्यांना मान्य होते, पण तिच्याभोवती कुटुंब एकत्र बसते, हा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा खोटा नव्हता. घरात एकच खोली उबदार असली की सगळे तिथेच बसणार!

या आगट्यांची खरी किंमत १९५२ च्या डिसेंबरात कळली. थंड, निवाऱ्या हवेत लाखो धुराड्यांचा धूर लंडनवर पाच दिवस कोंडून राहिला. तेव्हाच्या अंदाजाने सुमारे ४,००० माणसे दगावली. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. मृतांत वृद्ध आणि दम्याचे, छातीचे रुग्ण अधिक. १९५६ च्या ‘क्लीन एअर ॲक्ट’ने धूरमुक्त क्षेत्रे आखली आणि उघड्या आगटीचे राज्य संपत आले.

१६/
तोवर तांत्रिक अडचणही सुटली होती. १९२८ मध्ये जर्मनीत विल्हेल्म ओप्लेंडर यांनी नळीतच बसणारा, पाण्याला गती देणारा पंप सिद्ध केला. एक सेंटिमीटरच्या त्या क्षीण रेट्यावर आता अवलंबून राहायला नको होते. पंप असला की नळी बोटाएवढी चालते, ती कुठेही वळवता येते आणि जुन्या घराच्या फळ्यांखालून गुपचूप नेता येते. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात अशी ‘स्मॉल बोअर’ पद्धत विकसित झाली. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये शोधलेली थर्मोस्टॅटची झडप प्रत्येक रेडिएटरवर बसू लागली. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनमधील घरोघरची उपकरणे उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक वायूसाठी बदलण्यात आली. कोळशाची बादली इतिहासजमा झाली.

१७/
१९७० मध्ये ब्रिटनमधील जेमतेम तिसरा हिस्सा घरांत केंद्रीय तापव्यवस्था होती. हिवाळ्यात घराच्या आतले सरासरी तापमान तेव्हा १२ अंशांच्या आसपास होते, असा सरकारी अंदाज आहे. पुण्यातली डिसेंबरची पहाट खोलीत मुक्कामाला आल्यासारखे! चार दशकांत तो आकडा १७ अंशांपुढे गेला आणि बहुतेक घरांत रेडिएटर आले.

पण भिंत तीच राहिली. व्हिक्टोरियाकालीन नऊ इंची वीट, फळ्यांच्या जमिनीतल्या फटी, बंद केलेल्या पण न बुजवलेल्या आगटीचे धुराडे, सारे जागच्या जागी. खोली उबदार झाली ती उष्णता टिकली म्हणून नव्हे, तर ती गळण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने ओतली गेली म्हणून. बाहेरच्या आणि आतल्या तापमानातला फरक दुप्पट झाला की गळतीही साधारण दुप्पट होते. इंधन स्वस्त होते तोवर हे खपले. १९७३ च्या तेलसंकटाने हा हिशेब पहिल्यांदा लोकांपुढे मांडला. बिल न परवडल्याने वृद्ध माणसे एका खोलीत ब्लँकेट पांघरून बसतात, हे चित्र युरोपातल्या जुन्या घरांत अजूनही सरलेले नाही. रेडिएटर भिंतीला आहे, पण झडप बंद.

१८/
आज या घरांतून गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. हा पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता खेचून पाण्यात सोडतो, पण ३५ ते ५५ अंशांच्या कोमट पाण्यातच तो किफायतशीर ठरतो. इथे रेडिएटरचा आकार महत्त्वाचा होतो. पाणी आणि खोली यांच्या तापमानातला फरक ५० अंशांवरून ३० वर आला की त्याच रेडिएटरची ऊब जवळजवळ निम्मी होते. म्हणून एकतर गळती निम्मी करायची, माळ्यावर उष्णतारोधक थर, फटींना पट्ट्या, खिडकीला दुसरी काच असे उपाय करून, नाहीतर रेडिएटर मोठे हवेत. शंभर वर्षांपूर्वीचे, गळक्या घरासाठी म्हणून मुद्दाम ऐसपैस बसवलेले बिडाचे रेडिएटर अशा वेळी अडगळ ठरत नाहीत. फटी बुजवल्यावर ते कोमट पाण्यावरही अनेकदा काम भागवतात.

१९/
आता जेकब पर्किन्स. मुलगा एंजियर लंडनच्या घरांत उकळबिंदूपलीकडचे पाणी फिरवत होता, त्याच काळात, १८३४ मध्ये, बापाने लंडनमध्येच एक पेटंट घेतले : बाष्पनशील द्रव उकळवायचा, त्याची वाफ दाबायची, पुन्हा द्रव करायची आणि हे चक्र बंद नळ्यांत चालू ठेवायचे. हेतू बर्फ बनवण्याचा होता. घरातला फ्रीज याच चक्रावर चालतो. उष्णता आतून उचलून बाहेर टाकण्याऐवजी बाहेरून उचलून आत आणली, की त्याच चक्राचा हीट पंप होतो. लंडनच्या एखाद्या व्हिक्टोरियाकालीन घराबाहेर आज हीट पंप घरघरतो आणि आत रेडिएटर तापतो, तेव्हा बापाचे यंत्र मुलाच्या नळ्यांत पाणी गरम करत असते.